खुनी सापडला की गाव सुटतं

वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान. मजकूर अर्ध्यावर संपतो आणि खाली कोरी जागा राहते. तिथे कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'मग खून केला कुणी???' तिसरं प्रश्नचिन्ह इतकं दाबून काढलेलं की पान उलटल्यावर मागे त्याचा उठाव बोटाला लागत होता. त्याखाली दुसऱ्या हाताचं, पुस्ती गिरवलेल्या पिढीचं गोल अक्षर: 'पैसे परत मागावेत.' वाचनालयाच्या पुस्तकाचे पैसे कुणाकडे मागायचे ते बाई लिहून गेल्या नाहीत (अक्षर बाईंचंच असणार अशी माझी खात्री आहे), पण संताप पोचला.

पुस्तक कारीन फोसुम या नॉर्वेजियन लेखिकेचं. मूळ २००० सालचं, 'एल्स्केदे पूना' म्हणजे 'प्रिय पूना'. अमेरिकेत ते 'द इंडियन ब्राइड' नावानं आलं. गुंदर योमान हा नॉर्वेतल्या एका खेड्यात शेतीची यंत्रं विकणारा पन्नाशीचा, एकटा, सरळ माणूस. तो मुंबईला येतो, इथल्या एका बाईशी लग्न करतो आणि पुढे जाऊन घर तयार ठेवायला परततो. ती मागून यायची त्याच दिवशी त्याच्या बहिणीला गाडीचा अपघात होतो. तो विमानतळावर पोचू शकत नाही. ती एकटीच गावाच्या वेशीपर्यंत येते, आणि तिथल्याच कुरणात तिचं ठेचलेलं प्रेत सापडतं. शेवट सांगून टाकतोय म्हणून रागावू नका. पेन्सिलवाल्यांची तक्रारच ही आहे की या पुस्तकात शेवट सांगण्यासारखा नाही. गावातल्याच एका तरुण पोराला धरतात, तो कबूल होतो, मग कबुली मागे घेतो, आणि त्यानंच केलं की नाही ही शंका लेखिका शेवटच्या पानापर्यंत मिटू देत नाही.

डोंबिवलीत आमचा एक वाचनगट आहे. आठ-दहा जण, महिन्यातून एक रविवार. तिथे हे पुस्तक घेतलं तेव्हा पहिली पाच मिनिटं नावावरच गेली. मेलेल्या बाईचं नाव पूना आणि आडनाव बाई. 'हिची बहीण असेल तर तिचं नाव नाशिक का?' असं एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं आणि सगळे हसले. 'प्रिय पूना' हा तर मुंबईकरानं पुण्याला लिहिलेल्या पत्राचा मायना वाटतो, तोही कधी न लिहिल्या गेलेल्या. लेखिकेनं एखाद्या मराठी माणसाला फोन केला असता तर एवढं टळलं असतं. गावाला त्या बाईबद्दल जेवढं ठाऊक आहे त्याहून फारसं जास्त लेखिकेलाही ठाऊक नाही, आणि हे मी गुण म्हणून सांगत नाही.

हसून झाल्यावर मात्र गट चिडला. एक म्हणाले, फार काळोखी आहे, वाचून दोन दिवस काही सुचेना. दुसरे म्हणाले, एवढ्याशा खेड्यात असं कुठे होतं? शिक्षिकाबाईंचं म्हणणं सर्वांत रोखठोक. 'बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार असा हात हलवत परत आला असता का कधी?'

मला हा राग महत्त्वाचा वाटतो. नॉर्डिक, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, आइसलंडकडच्या, गुन्हेकथांबद्दल बोलताना वाचकाच्या रागाकडे एकतर दुर्लक्ष होतं, नाहीतर 'तुम्हाला साहित्य कळत नाही' अशा थाटात त्याची बोळवण होते. माझं म्हणणं असं की छोट्या गावातल्या या कथांनी दिलेली सर्वांत खरी गोष्ट हा रागच आहे. तो कशाचा आहे हे बघायला हवं.

रहस्यकथेचा वाचकाशी एक जुना करार असतो. गावात खून होतो, सगळ्यांवर संशय येतो, मग कुणीतरी हुशार माणूस येऊन एकाकडे बोट दाखवतो. त्या क्षणी बाकीचे सगळे निर्दोष होतात. पाद्री, डॉक्टर, पोस्टातली बाई आपापल्या कामाला लागतात. इंग्रजी रहस्यकथेतलं सेंट मेरी मीड हे खेडं कितीही खून झाले तरी शेवटच्या पानावर गोडच राहतं, कारण पाप एका माणसाच्या गळ्यात बांधून त्याला गावाबाहेर काढलेलं असतं. खुनी सापडला की गाव सुटतं. आपण वाचकही त्याच गावचे रहिवासी असल्यानं आपणही सुटतो.

फोसुम हे होऊ देत नाही. तिच्या पुस्तकात लिंडा नावाची एक शाळकरी मुलगी आहे. संध्याकाळी सायकलवरून जाताना तिला कुरणात एक पुरुष आणि एक बाई दिसतात. तिला वाटतं, खेळ चाललाय. ती पुढे निघून जाते. दुसऱ्या दिवशी खुनाची बातमी फुटते आणि ही मुलगी गावात एकदम कुणीतरी होते. पोलीस तिचं ऐकायला लागतात. तिला त्या ऐकून घेण्याची चटक लागते आणि मग तिला हळूहळू जास्त जास्त 'आठवायला' लागतं. ती खोटारडी नाही, दुष्ट तर नाहीच. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या शब्दाला किंमत आली आहे, एवढंच. त्या शब्दावर एका पोराचं आयुष्य टांगलेलं आहे. तिला वजा करून खुनी कोण ते सांगा, असं वाचक म्हणतो. लेखिका म्हणते, तिला वजा करून ही गोष्टच उरत नाही.

ही खोड एकट्या फोसुमची नाही. स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्यानं १९६५ ते १९७५ या काळात दहा पोलीस कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीत मोताला गावाजवळच्या कालव्यात गाळ उपसताना एका बाईचं प्रेत वर येतं. त्या दहाही पुस्तकांना मिळून त्यांनी एकच उपशीर्षक दिलं होतं, 'एका गुन्ह्याची कादंबरी'. दहा पुस्तकांत खून कितीतरी, पण गुन्हा एक. आणि तो गुन्हा म्हणजे त्यांच्या डाव्या नजरेला दिसलेला कल्याणकारी राज्याचा विश्वासघात. हे मत पटो न पटो, आरोपीच्या पिंजऱ्यात कोण आहे हा प्रश्न त्यांनी कायमचा बदलला.

मग आला हेनिंग मान्केल. १९९१ साली वालांडर या पोलिसाची त्याची पहिली कादंबरी आली. गाव ईस्टाड, स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, खरंखुरं. बाहेरच्या वस्तीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा निर्घृण खून होतो, त्याची बायको मरता मरता एकच शब्द उच्चारते, 'परदेशी'. तो शब्द वर्तमानपत्रांपर्यंत पोचतो आणि निर्वासितांच्या छावणीवर हल्ले सुरू होतात, एक निरपराध सोमाली माणूस मारला जातो. हे हवेतून आलेलं नव्हतं. ईस्टाडच्या शेजारच्याच शोबो तालुक्यात १९८८ साली निर्वासित घ्यायचे की नाहीत यावर स्थानिक मतदान झालं होतं आणि बहुमत 'नाही'च्या बाजूनं पडलं होतं. साधी माणसं, रविवारचा दिवस, रांगेत उभं राहून चिठ्ठी टाकलेली. मान्केलनं नंतर लिहिलं की या मालिकेचं खरं उपशीर्षक आपल्याला ती लिहून संपल्यावर सुचलं: स्वीडिश अस्वस्थतेच्या कादंबऱ्या.

आता तो काळोखाचा मुद्दा. यावर एक तयार उत्तर सगळीकडे मिळतं. तिकडे सहा-सहा महिने रात्र असते, बर्फ असतो, माणसं एकलकोंडी होतात, म्हणून असलं लिहितात. हे उत्तर मला आळशी वाटतं. नॉर्वेत गुन्हेकथा वाचायचा खास हंगाम आहे, पण तो डिसेंबरात नाही, ईस्टरला आहे. त्याला तिकडे 'पोस्केक्रिम' म्हणतात. दिवस मोठे झालेले, डोंगरावरच्या लाकडी घराच्या भिंतीला पाठ टेकून, डोळे दिपवणाऱ्या उन्हात संत्रं सोलत लोक खून वाचतात. त्या दिवसांत दुधाच्या खोक्यांवरसुद्धा छोटी रहस्यकथा छापलेली असते. या प्रथेचा उगमही मजेदार आहे. १९२३ च्या ईस्टरआधी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मथळा आला: 'बर्गनची आगगाडी रात्री लुटली'. ती एका नव्या कादंबरीची जाहिरात होती. कित्येकांनी ती खरी बातमी समजून घाबरून चौकश्या केल्या. म्हणजे नॉर्वेजियन वाचकाची नोंदली गेलेली पहिली मोठी प्रतिक्रिया 'आमच्या लोकांना काही झालं नाही ना?' अशी होती. शंभर वर्षांनी तोच वाचक तेच उन्हात बसून चवीनं वाचतो. काळोख हवामानातून आला असता तर तो त्या उन्हात वितळला असता.

मला विचाराल तर तो काळोख शेजाऱ्याच्या खिडकीतून येतो. अक्सेल सांदेमूसे या डेन्मार्कमध्ये जन्मून नॉर्वेत गेलेल्या लेखकानं १९३३ साली आपल्या जन्मगावावर बेतलेलं 'यांते' नावाचं एक गाव कादंबरीत रचलं आणि त्या गावाचे दहा नियम लिहिले. पहिला असा, की आपण कुणीतरी आहोत असं समजू नकोस. बाकीचे नऊ त्याच चालीवर. स्कँडिनेव्हियात आज 'यांतेचा कायदा' हा शब्द म्हणीसारखा वापरला जातो, बहुतेक वेळा थट्टेनं, आणि समतेचं कौतुक करायलासुद्धा. पण त्या दहांच्या पुढे एक अकरावा आहे, तो लोक सोयीस्कर विसरतात. त्यात नियम नसून प्रश्न आहे: तुला काय वाटतं, मला तुझ्याबद्दल काहीच ठाऊक नाही? आणि हेही विसरतात की ती कादंबरी एका माणसानं आपण केलेला खून आठवत सांगितलेली आहे. छोट्या गावाची गुन्हेकथा त्या अकराव्या प्रश्नातून सुरू होते. सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं आणि म्हणूनच कुणी काही बोलत नाही.

इथे वाचकाच्या बाजूनं बोलायलाच हवं, कारण या प्रकारात माल खपतो हे कळल्यावर जे झालं ते काही फार शोभेचं नाही. फ्येलबाका हे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं मासेमारांचं गाव, कायमची वस्ती हजाराच्या आतली. कामिला लेकबेरीनं २००३ पासून तिथे दहाच्या वर कादंबऱ्या घडवल्या आहेत, आणि एका खुनावर भागणारी त्यात क्वचितच. जनगणनेची काळजी वाटावी असा हिशोब आहे. आइसलंडमधल्या सिग्लुफ्योर्दुरचं तेच. हेरिंग मासळीवर उभं राहिलेलं, मासळी गेल्यावर ओसरलेलं, बाराशे-तेराशे वस्तीचं गाव, आणि रॅग्नर योनासनच्या पुस्तकांत तिथल्या पोलिसाला उसंत नाही. सगळ्या आइसलंडात मिळून वर्षाला होणारे खून बहुतेक वर्षी एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. 'एवढ्याशा गावात एवढे खून?' ही तक्रार त्यामुळे बिनतोड आहे. पहिल्या खुनानं गावाबद्दल काहीतरी कळतं. सातव्या खुनानं प्रकाशकाबद्दल कळतं.

दुसरी तक्रार आमच्या गटातल्या एका तरुण मुलीची. 'बर्फात पडलेली बाईच का असते प्रत्येक वेळी?' याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एक उदाहरण मात्र आहे. स्टीग लार्सनची जगभर गाजलेली पहिली कादंबरी २००५ साली, तो वारल्यावर, स्वीडिशमध्ये आली तिचं नाव होतं 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. सरळ आरोपपत्र. इंग्रजीत २००८ साली ती आली तेव्हा शीर्षकातले पुरुष गायब झाले आणि तिथे गोंदवलेली एक मुलगी येऊन बसली. मुखपृष्ठावर आरोपी नको, मुलगी हवी, हे ठरवणाऱ्याला वाचक चांगला ओळखता येत असणार. मग त्याच वाचकानं 'सगळीकडे बायकाच का' असं विचारलं तर प्रश्न खरा असला तरी थोडा आपल्यालाही विचारलेला असतो.

आणि पर्यटन. ईस्टाडला लोक वालांडरचं घर बघायला जातात. मारियागातान ही खरी गल्ली आहे, तिथे तो कधीच राहिला नाही, कारण तो कधी नव्हताच. शोबोच्या मतदान केंद्राची सहल कुणी काढत असेल असं वाटत नाही. अस्वस्थतेची स्मरणवस्तू करून विकता येते याचं मला नवल नाही, पण तिथे मला पेन्सिलवाला वाचक जास्त प्रामाणिक वाटतो. तो निदान चिडतो.

'शेवट हवा' या त्याच्या मागणीला मात्र मी नकार देईन, आणि तो नकार साहित्यिक कारणासाठी नाही. आइसलंडात १९७४ साली दोन माणसं वेगवेगळ्या वेळी बेपत्ता झाली, त्यातला एक केफ्लाविक या छोट्या बंदराच्या गावातला. प्रेतं आजतागायत मिळालेली नाहीत. देश हादरला, कुणीतरी सापडायलाच हवं होतं, आणि सहा तरुण सापडले. त्यांना एकांत कोठडीत ठेवलं, एकाला तर सहाशेहून जास्त दिवस. त्यांनी कबुली दिली. त्यातल्या काहींचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास इतका उडाला होता की आपण केलं असावं असं त्यांना खरंच वाटू लागलं. २०१८ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं सहांपैकी पाच जणांना या प्रकरणातून निर्दोष मुक्त केलं. तोपर्यंत त्यातले दोघे मरून गेले होते. तिकडे स्वीडनमध्ये टोमास क्विक नावानं ओळखल्या गेलेल्या माणसाला आठ खुनांबद्दल दोषी ठरवलं, तेही त्याच्या कबुल्यांवर. ते आठही निकाल २०१३ पर्यंत रद्द झाले. फोसुमचं पुस्तक आलं तेव्हा क्विकवरचे खटले अजून संपलेही नव्हते. गावातल्या एका पोरानं दिलेली आणि मागे घेतलेली कबुली वाचकासमोर ठेवून ती निघून गेली, याला मी पळवाट कसं म्हणू? आइसलंडी जनतेला १९७७ सालीच हवा तसा शेवट मिळाला होता. तो खोटा होता.

हे मी गटात सांगितलं तेव्हा शिक्षिकाबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, 'ते कोर्टाचं झालं हो. मी दिवसभर घरातलं बघून रात्री अर्धा तास वाचते. त्या अर्ध्या तासात तरी कुणाला तरी शिक्षा होऊ दे.' यावर मी काही बोललो नाही. हा हक्क खरा आहे आणि झुंजारनं तो पिढ्यान्‌पिढ्या चोख पुरा केला आहे. माझा वाद फक्त एवढ्याशी, की जे पुस्तक तो हक्क नाकारतं त्याला अपुरं म्हणू नये.

त्या दिवशी पुस्तक आवडलेला माणूस एकच निघाला. गटातले सर्वांत वयस्कर काका, तालुक्याच्या गावी महसूल खात्यात जन्म काढून आता मुलाकडे राहायला आलेले. इंग्रजी सावकाश वाचतात, म्हणून त्यांनी महिनाभर आधी सुरुवात केली होती. ते म्हणाले, 'यात न कळण्यासारखं काय आहे? आमच्याकडं विहिरीत बाई सापडली होती. पंचनामा दुपारी झाला, आणि कुणी केलं ते सकाळीच टपरीवर सगळ्यांना ठाऊक. खटला उभा राहिला. अकरा साक्षीदार, नऊ फितूर. राहिलेले दोन म्हणजे एक डॉक्टर आणि एक फौजदार.'

कुणीतरी विचारलं, नऊजण काय म्हणाले कोर्टात?

'झोपलो होतो म्हणाले. सगळे. भर दिवसा.'

बैठक संपल्यावर जिना उतरताना मी काकांना विचारलं, मग तो सुटला का?

'सुटला की. आहे अजून. पुतणीच्या लग्नात वाढप्यांत होता. जिलेबी घेऊन आला पंगतीत, आग्रह करकरून वाढत होता.'

'तुम्ही घेतलीत?'

काकांनी कठड्याला धरून एक पायरी उतरली, मग दुसरी. 'पंगतीत बसल्यावर,' ते म्हणाले, 'ताटावर हात कसा धरायचा?'